जुन्या फोटोतल्या आज्यांची छापील कापडं वाचायची कशी?

जुन्या फोटोंच्या ढिगातून तरुण मुलीचा फोटो निघाला की सगळे थांबून बघतात. साठी-सत्तरीची बाई निघाली की फोटो बाजूला पडतो. माझ्या मते खरा खजिना त्या बाजूला पडलेल्या फोटोंतच असतो. संग्रहालयांत जपले गेले ते मुख्यतः लग्नाचे, समारंभांचे, श्रीमंत घरांतले रेशमी पोशाख. म्हाताऱ्या बाईचा रोजचा छापील सुती झगा तिथपर्यंत पोचलाच नाही. तो विरेपर्यंत वापरला गेला, मग त्याचा एप्रन झाला, एप्रनचे तुकडे रजईत गेले आणि उरलेल्याचं फडकं झालं. त्या कापडाचा माग आज प्रामुख्याने फोटोतच सापडतो.

जुने फोटो जमवायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी, नाटक-सिनेमाचे पोशाख करणाऱ्यांसाठी आणि घरातला जुना अल्बम उघडून बसलेल्यांसाठी हा लेख आहे. यातली बहुतेक उदाहरणं युरोप-अमेरिकेतली आहेत, कारण फोटोग्राफी आणि यंत्रावरची कापडछपाई या दोन्हींच्या तारखा तिथे सर्वांत नीट नोंदलेल्या आहेत. बघण्याची रीत मात्र कुठल्याही फोटोला लागू पडते.

एक नियम सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फोटोतली सगळ्यात नवी गोष्ट तारीख ठरवते, सगळ्यात जुनी नाही. वयस्कर बाईच्या अंगावर वीस वर्षांपूर्वीची टोपी, दहा वर्षांपूर्वीचं कापड आणि गेल्याच वर्षी बदललेली बाही एकाच वेळी असू शकते. नवखा माणूस टोपी पाहतो आणि फोटो वीस वर्षं मागे ढकलतो.

पहिली पायरी: कापडाकडे बघू नका, फोटो हातात घ्या

हात स्वच्छ धुवून कोरडे करा आणि फोटो कडांना धरा. काचेच्या झाकणाच्या छोट्या पेटीत असलेला, आरशासारखा चमकणारा फोटो म्हणजे डागेरोटाइप. ही पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली. तो उघडू नका आणि पुसू तर अजिबात नका, नुसत्या बोटानेही त्यावरची प्रतिमा निघते. पातळ लोखंडी पत्र्यावरचा फोटो टिनटाइप, त्याचं पेटंट १८५६ चं. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, साधारण साडेसहा बाय दहा सेंटिमीटरचा छोटा फोटो म्हणजे कार्त-द-व्हिझित. पॅरिसचा फोटोग्राफर दिस्देरी याने १८५४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि पुढच्या दशकात त्याचं वेडच पसरलं. त्याचा मोठा भाऊ कॅबिनेट कार्ड, साधारण अकरा बाय साडेसोळा सेंटिमीटर, १८६६ च्या सुमारास आला.

पुठ्ठाही बोलतो. पातळ पुठ्ठा आणि काटकोनी कोपरे बहुधा १८६० च्या दशकातले. पुढे कोपरे गोल झाले, पुठ्ठा जाड झाला, १८८० च्या दशकात गडद रंगाचे आणि सोनेरी कडेचे पुठ्ठे दिसू लागले. अमेरिकन कार्डाच्या पाठीवर महसुलाचं तिकीट असेल तर तुमचं काम फार सोपं झालं: तो कर १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ एवढाच काळ होता.

इथे एक सापळा आहे. जुन्या फोटोचा पुन्हा फोटो काढून नव्या पुठ्ठ्यावर चिकटवण्याची पद्धत सर्रास होती, विशेषतः घरातली म्हातारी गेल्यावर. उजळ-गडद फरक कमी झालेला, सगळं करडं-करडं, कडेला मूळ फोटोची रेघ दिसते आहे, असं असेल तर पुठ्ठ्याची तारीख आणि बाईची तारीख वेगवेगळी धरा.

आणखी एक: डागेरोटाइप आणि टिनटाइपमध्ये प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी असते. बटणपट्टी कुठल्या बाजूला, अंगठी कुठल्या हातात, हे लिहिण्याआधी ते लक्षात घ्या.

दुसरी पायरी: स्कॅन

लहान कार्ड १२०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला १२०० ठिपके), मोठं ६०० वर, पुढून आणि मागून, दोन्ही रंगीत. काळा-पांढरा फोटो आहे म्हणून करड्या छटांमध्ये स्कॅन केलात तर पिवळेपणा, हाताने भरलेला रंग आणि डाग हे सगळे पुरावे जातात. मूळ फाइल तशीच ठेवा, तीक्ष्णपणा वाढवणं वगैरे प्रयोग प्रतीवर करा. यंत्राकडून रंग भरून घेणारी साधनं मात्र या कामात अजिबात वापरू नका. ती अंदाज करतात, आणि एकदा निळा झगा डोळ्यांत बसला की तो तपकिरी असू शकतो हे मन मान्यच करत नाही.

तिसरी पायरी: रंगाबद्दल फोटो काय लपवतो

नवखे लोक सर्वांत जास्त इथे फसतात, म्हणून जरा थांबून सांगते.

एकोणिसाव्या शतकातल्या फोटोच्या बहुतेक प्लेटी (फिल्मच्या आधी वापरात असलेले काचेचे किंवा धातूचे पत्रे) प्रामुख्याने निळ्या प्रकाशालाच संवेदनशील होत्या. लाल, नारिंगी, पिवळा हे रंग त्यांना जवळजवळ दिसतच नसत. त्यामुळे फोटोत निळा फिका पडतो, लाल काळा दिसतो आणि लिंबासारखा पिवळाही गडद उतरतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फोगेल याने १८७३ मध्ये रंगद्रव्य मिसळून प्लेट हिरव्याकडे संवेदनशील करण्याची वाट दाखवली. सर्व रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटी १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या. पण घरगुती कॅमेऱ्यातली फिल्म बराच काळ लालाला आंधळीच राहिली. कोडॅकची १९३१ ची लोकप्रिय व्हेरिक्रोम तशीच होती. तिची पॅनक्रोमॅटिक आवृत्ती १९५६ मध्ये आली.

आता हे छापील कापडावर लावून बघा. मंजिष्ठाच्या लाल जमिनीवर (म्हणजे कापडाच्या मूळ रंगावर) पांढरी बुट्टी असेल तर फोटोत काळ्यावर पांढरं असं ठसठशीत चित्र येतं आणि पाहणारा म्हणतो, बाई शोकात आहे. नीळ वापरून रंगवलेल्या गडद कापडावर पांढरे ठिपके असतील तर उलटं होतं: जमीन डोळ्याला दिसे त्यापेक्षा फिकी येते आणि ठिपके तिच्यात विरघळतात. मध्य युरोपातल्या खेड्यांत म्हाताऱ्या बायकांचे घागरे आणि एप्रन याच निळ्या छपाईचे असत. ऑस्ट्रिया, चेकिया, जर्मनी, हंगेरी आणि स्लोव्हाकिया यांच्या या कलेची २०१८ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत नोंद झाली आहे. असा एप्रन जुन्या फोटोत पुष्कळदा साधा, बिनछापाचा वाटतो. भिंगाखाली, निऱ्यांच्या सावलीतल्या भागात बघा, ठिपके तिथे सापडण्याची शक्यता जास्त.

त्याच कारणाने चेहराही फसवतो. उन्हाने रापलेली त्वचा, वांग, तांबूस डाग हे सगळं या प्लेटींवर गडद उतरतं. म्हणजे पन्नाशीची कष्टकरी बाई सत्तरीची दिसू शकते. वयाचा अंदाज लिहिताना थोडा हात सैल ठेवा.

काळ्याबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. व्हिक्टोरिया राणीने १८६१ पासून १९०१ मध्ये मरेपर्यंत शोकाचे कपडे घातले, आणि तिच्यामुळे काळं म्हणजे वैधव्य असं समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण काळं रेशीम हा अनेक बायकांचा एकमेव चांगला पोशाख होता: टिकाऊ, मळ न दाखवणारा, लग्नालाही चालणारा आणि अंत्यविधीलाही. त्यात लाल आणि तपकिरी कापडंही फोटोत काळी होऊन बसतात. नोंदीत ‘गडद’ लिहा. ‘काळा’ लिहायला दुसरा पुरावा हवा.

खऱ्या रंगांची सवय डोळ्यांना लावायची असेल तर त्या काळातले खरेखुरे रंगीत फोटो बघा. ल्युमिए बंधूंच्या ऑटोक्रोम प्लेटी १९०७ पासून विकल्या जात होत्या, आणि फ्रेंच बँकर आल्बेर कान याने १९०९ ते १९३१ या काळात जगभर माणसं पाठवून सुमारे ७२,००० ऑटोक्रोम जमवले. रशियात प्रोकुदिन-गोर्स्कीने तीन रंगगाळण्या वापरून खेडोपाडीचे फोटो काढले. १९१० मधली सूत काढणारी म्हातारी त्यांतलीच. हे फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत आणि घरबसल्या बघता येतात. तिथेच १९३५ ते १९४४ या काळातल्या फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याच्या प्रकल्पाचे काळे-पांढरे फोटो आहेत, शिवाय सुमारे १,६०० रंगीत. अंगणात, ओट्यावर, चुलीपाशी असलेल्या म्हाताऱ्या बायकांचे रोजचे कपडे बघायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

रंगीत फोटो आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. १९६०-७० च्या दशकांतल्या कागदी छापांतला निळसर रंग आधी उडतो आणि सगळंच तांबूस होतं. अंधारात ठेवलेली कोडॅक्रोम स्लाइड त्या मानाने पुष्कळ विश्वासाची.

चौथी पायरी: छापलेलं की विणलेलं?

फुलं दिसली म्हणजे छपाई, असं नसतं. घडीवर नजर ठेवा. एकाच रंगाच्या रेशमात विणलेली नक्षी प्रकाशाबरोबर पलटते: घडीच्या एका बाजूला फूल उजळ आणि जमीन गडद, दुसऱ्या बाजूला नेमकं उलट. छापलेलं फूल घडी कशीही पडो, जमिनीपेक्षा उजळ असेल तर उजळच राहतं. चौकडी आणि पट्टे यांत ठरवणं अवघड असतं. पट्टा धाग्याच्या दिशेने अगदी सरळ जात असेल तर विणलेला असू शकतो. किंचित तिरका जात असेल, किंवा पट्ट्याच्या आत बारीक वेलबुट्टी असेल, तर बहुधा छापलेला. नक्षीच्या कडेला रंग थोडा सरकलेला, पान आपल्या बाह्यरेषेबाहेर गेलेलं दिसलं तर शंकाच नको. ते स्वस्त छापील कापड आहे आणि आपल्याला तेच हवं आहे.

पाचवी पायरी: बुट्टी मोजा

आकार नुसत्या नजरेने ठरवू नका. मोठ्या माणसाच्या दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर साधारण सहा सेंटिमीटर असतं. त्यापेक्षा सोयीचा हात: बसलेल्या बाईचे हात मांडीवर, म्हणजे कापडाला लागूनच असतात, आणि बायकांच्या पंजाची रुंदी साधारण साडेसात-आठ सेंटिमीटर. पंजाशी तुलना करून बुट्टी किती मोठी ते काढा. मग तीच बुट्टी उभ्या रेषेत पुन्हा कुठे येते ते शोधा. ते अंतर म्हणजे नक्षीची पुनरावृत्ती.

ते कशाला हवं, हे समजायला छपाईचा थोडा इतिहास लागतो. युरोपला पक्क्या रंगाच्या छापील आणि हाताने रंगवलेल्या सुती कापडाचं वेड लावलं ते भारतीय छिटांनी, आणि ते इतकं की फ्रान्सने १६८६ ते १७५९ या कापडावर बंदीच घातली होती. लाकडी ठशांची छपाई हळू होती. १७५२ मध्ये आयर्लंडमधल्या ड्रमकॉन्ड्रा इथे फ्रान्सिस निक्सनने तांब्याच्या सपाट पत्र्यावरून छपाई केली. त्याने बारीक रेषा आणि मोठी चित्रं शक्य झाली. १७८३ मध्ये थॉमस बेलने कोरीव रोलरचं पेटंट घेतलं आणि छापील सुती कापड कामकरी घरांच्या आवाक्यात आलं. रोलरच्या परिघाएवढीच पुनरावृत्ती मिळते, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या रोजच्या कापडावर बारीक, दाट, पुन्हापुन्हा येणारी बुट्टी असते. मोठी, मोकळी, ब्रशने ओढल्यासारखी फुलं १९३० च्या दशकापासून वाढतात, कारण स्क्रीन छपाई, म्हणजे ताणलेल्या जाळीतून रंग दाबून केलेली छपाई, तेव्हा जोर धरू लागली. १९६३ मध्ये फिरती स्क्रीन आली आणि मोठी नक्षीसुद्धा झपाट्याने छापता येऊ लागली.

म्हणजे पंजाएवढी सैल फुलं असलेला घरगुती झगा १८८० चा असण्याची शक्यता कमी. बारीक बुट्टी मात्र कुठल्याही दशकातली असू शकते, कारण वयस्कर बायकांसाठी ती छापणं कधी थांबलंच नाही. गडद जमिनीवर पांढरा ठिपका, काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा, करड्यावर लहानशी डहाळी ही नक्षी पिढ्यान्‌पिढ्या तशीच चालू राहिली. मोठ्या फुलांवरून ‘या वर्षाआधीचा नाही’ असं म्हणता येतं. बारीक बुट्टीवरून तेही म्हणता येत नाही. हा फरक ध्यानात ठेवलात तर निम्म्या चुका टळतील.

सहावी पायरी: बाही, कमर, शिवण

वयस्कर बाई सगळा पोशाख नव्याने शिवून घेत नसे, पण बाही बदलत असे. म्हणून आधी खांदा बघा. १८६० च्या दशकात बाहीची शिवण खांद्याच्या खाली उतरलेली असते. १८८० च्या दशकात बाही हाताला घट्ट. १८९५ च्या आसपास फुग्यासारखी प्रचंड, आणि दोन-तीन वर्षांत ती ओसरते. म्हातारीच्या अंगावर हा फुगा तरुणींपेक्षा लहान असतो, पण खांद्याशी थोडी फुगीर चुण्यांची उचल असतेच. तेवढी खूण पुरेशी आहे.

शेजारी सून, नात, कुणी तरुण बाई उभी असेल तर तारीख तिच्यावरून काढा. म्हातारीचा पोशाख मग त्या तारखेच्या प्रकाशात वाचा: ती काळाच्या बरोबर आहे का, किती मागे आहे आणि कशात मागे आहे? माझ्या दृष्टीने हाच या सगळ्या खटाटोपातला सर्वांत रसाळ प्रश्न आहे. डोक्यावरची झालरीची टोपी जुनी ठेवणारी आणि गळपट्टा मात्र नवा लावणारी बाई तुमच्याशी काहीतरी बोलते आहे.

शिवणीपाशी नक्षी जुळते का तेही पाहा. घरगुती झग्यात बहुधा जुळत नाही, आणि तो गबाळेपणा नव्हे. कापड वाचवण्यासाठी तुकडे उलटसुलट फिरवून कापले जात. त्यासाठीच पुष्कळशा छिटांवर फुलं सर्व दिशांना तोंड करून छापलेली असत. एका बाहीवर फुलं खाली डोकं वर पाय दिसली, तर कापड नेमकं मापात होतं असं समजा. कोपराशी वेगळ्या छटेचा तुकडा, घेराच्या तळाशी आडवी टीप, पुढचा भाग फिका आणि एप्रनखालचा गडद, हे सगळं नोंदवा. उसवून पुन्हा शिवलेल्या कपड्याच्या त्या खुणा आहेत.

सातवी पायरी: रोजचा कपडा की ठेवणीतला?

स्टुडिओतला फोटो बहुधा ठेवणीतल्या पोशाखातला. रोजचं बघायचं असेल तर घराबाहेर काढलेले फोटो शोधा. ते १८८८ च्या कोडॅक कॅमेऱ्यानंतर आणि खरं म्हणजे १९०० च्या स्वस्त ब्राउनी कॅमेऱ्यानंतर भरपूर मिळतात. दारात, कपडे वाळत घालताना, कोंबड्यांना दाणे टाकताना.

एप्रनकडे विशेष लक्ष द्या. एकाच बाईच्या अंगावर दोन छापील कापडं, झगा वेगळा आणि एप्रन वेगळा, हे फोटोत फार वेळा दिसतं. एप्रन लवकर झिजतो, म्हणून तोच बहुधा जास्त नवा. तारखेसाठी झग्याआधी एप्रनची नक्षी बघा.

विसाव्या शतकात या रोजच्या कपड्याच्या तऱ्हा वाढतात. ब्रिटनमध्ये पुढून एकावर एक येऊन मागे बांधायचा बिनबाह्यांचा छापील एप्रन. कापडाचं रेशनिंग तिथे १ जून १९४१ ला सुरू झालं आणि मार्च १९४९ पर्यंत चाललं. त्या काळातला विरलेला, ठिगळ लावलेला झगा हा गरिबीचा पुरावा असेलच असं नाही. अमेरिकेत १९२० ते १९५० च्या दशकांत पीठ आणि जनावरांच्या खाद्याची पोती छापील सुती कापडाची येत. मोठ्या पोत्यातून साधारण ९० बाय ११० सेंटिमीटरचा तुकडा निघे, म्हणजे एका झग्याला एकाच नक्षीची तीन-चार पोती लागत. त्यामुळे खांदा एका छिटेचा आणि घेर दुसऱ्या, असा झगा दिसला तर ही शक्यता मनात ठेवा. पण नुसत्या फोटोवरून पोत्याचं कापड ठामपणे सांगता येत नाही. पूर्व जर्मनीत डेडेरॉनचा, म्हणजे नायलॉनच्या जातीच्या धाग्याचा, बटणांचा रंगीबेरंगी घरझगा म्हाताऱ्या बायकांचा जणू गणवेश होता. ते नाव १९५९ चं. कृत्रिम धागा फोटोत ओळखू येतो: सुरकुत्या नाहीत, कडा ताठ, फ्लॅशची चमक कापडावर सपाट पसरलेली.

आठवी पायरी: लिहून ठेवा

समजा, तुमच्यासमोर कॅबिनेट कार्ड आहे. गडद हिरवा जाड पुठ्ठा, सोनेरी कड. सत्तरीची वाटणारी बाई, पांढरी टोपी, गडद झग्यावर बारीक फिकट डहाळ्या, खांद्याशी चुण्यांची छोटी उचल. नोंद अशी करता येईल: ‘पुठ्ठा १८८० किंवा नंतरचा. बाहीची उचल १८९० च्या दशकाच्या पूर्वार्धाकडे बोट दाखवते. टोपीची पद्धत जुनी, तारखेसाठी धरलेली नाही. कापड छापील: घडीत नक्षी पलटत नाही. डहाळी सुमारे दीड सेंटिमीटर, पंजाशी तुलना करून. जमिनीचा रंग गडद. लाल, तपकिरी, गडद हिरवा किंवा काळा. वय साठ ते पंच्याहत्तर.’

या नोंदीत प्रत्येक विधानाशेजारी त्याचं कारण आहे. उद्या कुणी म्हणालं की बाहीवरून तुम्ही चुकलात, तर फक्त तेवढंच खोडता येतं, बाकीची नोंद उभी राहते. नोंद फोटोच्या पाठीवर पेनने लिहू नका. वेगळ्या कागदावर किंवा फाइलच्या नावाबरोबर ठेवा. पाठीवर काही लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने, अगदी कडेला, नुसता क्रमांक. आणि पाठीवर आधीपासून कुणी लिहिलेलं असेल, एखादं अडनाव किंवा नुसतं ‘आजी’, तर ते जसंच्या तसं उतरवून घ्या, चुकीच्या शुद्धलेखनासकट.